धुळीचा मास्क आणि गॅसचा मास्क: कुठे कोणता, आणि कुठे दोन्ही नाहीत

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या सेफ्टी सामानाच्या दुकानात हे दोन मास्क शेजारीशेजारी टांगलेले असतात. एक पांढरा, वाटीसारखा किंवा घडीचा, पाकिटावर एन-९५ किंवा एफएफपी-२ छापलेलं. दुसरा रबराचा, गालांच्या दोन्ही बाजूंना गोल डबे बसवलेला; त्या डब्यांना सगळे कार्ट्रिज म्हणतात. खरेदीला आलेला माणूस किंमत बघतो आणि मनात धरून बसतो की पहिला साधा आणि दुसरा त्याचाच भारी प्रकार. म्हणजे बजेट असेल तर दुसरा घ्यायचा, नसेल तर पहिल्यावर भागवायचं.

हा समज काढून टाकायला हवा. हे दोन मास्क एकाच कामाचे स्वस्त-महाग प्रकार नाहीत, त्यांची कामंच वेगळी आहेत. एन-९५ लावून अमोनियाच्या गळतीत उभं राहिलात तर अमोनिया जसाच्या तसा छातीत जातो. उलट, नुसती गॅसची कार्ट्रिज लावून फाउंड्रीत (ओतशाळेत) फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूवरची वाळू आणि जादा कडा घासायला, बसलात तर वाळूची सगळ्यात बारीक, सगळ्यात घातक धूळ कार्ट्रिजमधल्या कोळशाच्या दाण्यांमधल्या फटींतून आत येऊ शकते. म्हणून मास्क कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की इथल्या हवेत कण आहेत, वायू आहे, की दोन्ही.

कण म्हणजे घन किंवा द्रवाचे तुकडे, कितीही बारीक असोत. फाउंड्रीतली वाळूची धूळ, हळद दळताना उडणारी पूड, वेल्डिंगचा धूर, स्प्रेगनमधून निघणारे रंगाचे तुषार हे सगळे कण. वायू आणि वाफ मात्र हवेत रेणू-रेणूने मिसळून गेलेली असते: थिनरची वाफ, अमोनिया, गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड. कणांना अडवता येतं, वायूला शोषून घ्यावं लागतं.

एन-९५ कणांना अडवतो, पण पीठ चाळतो तशा बारीक भोकांनी नाही. आतल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण त्या धाग्यांना जाऊन चिकटतात. एन-९५ मधला ९५ म्हणजे चाचणीत ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे, किमान ९५ टक्के कण अडवणं. ही अमेरिकन पद्धत. युरोपात आणि आपल्या आयएस ९४७३ या भारतीय मानकात एफएफपी-१, २ आणि ३ असे वर्ग आहेत आणि त्यात ३ सगळ्यात वरचा. एन हे अक्षर सांगतं की हा मास्क तेलाच्या तुषारांसाठी नाही. मशीन शॉपमध्ये कटिंग ऑइलचं धुकं असेल तर पी वर्गाचा फिल्टर लागतो. आणि धाग्यांवर विद्युतभार असल्यामुळेच एन-९५ धुवायचा नसतो. रात्री साबणाने धुऊन सकाळी दोरीवरून काढलेला मास्क दिसायला स्वच्छ असतो, पण त्याची पकड गेलेली असते. कामगार काटकसरीने धुतात, त्यात त्यांचा दोष नाही. स्टोअरमधून नवीन मास्क वेळेवर मिळाला तर कोणी धुणार नाही.

कार्ट्रिजमध्ये असतो सक्रिय कोळसा. त्याच्या दाण्यात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की मूठभर कोळशाच्या आतला पृष्ठभाग मोजायला गेलं तर मैदानाएवढा भरतो. वाफेचे रेणू त्या छिद्रांत जाऊन बसतात. अमोनियासारख्या वायूंसाठी त्याच कोळशावर वेगळी रसायनं चढवलेली असतात, कारण साधा कोळसा त्यांना नीट धरत नाही. यात्रेच्या दिवसांत धर्मशाळेच्या खोल्या भरल्या की पुढचा माणूस दारातून तसाच पुढे जातो, तसं इथे होतं: जागा संपली की वायू कोळशावरून सरळ नाकात.

दोन्ही मास्कमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक इथेच आहे आणि तो कोणी सांगत नाही. धुळीचा मास्क संपत आला की स्वतःच सांगतो. धूळ साचते, श्वास जड होतो, माणूस वैतागून बदलायला मागतो. गॅसची कार्ट्रिज संपली की काहीच सांगत नाही. श्वास पहिल्या दिवसाइतकाच हलका, डबा बाहेरून तसाच चकचकीत. आत येणारी हवा मात्र बाहेरचीच. "वास यायला लागला की बदल" हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि थिनरसारख्या ठळक वासाच्या बाबतीतसुद्धा तो अपुरा आहे, कारण नाक हळूहळू सरावतं. स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) किंवा मळीच्या टाकीतून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर हा सल्ला जीव घेईल. सडलेल्या अंड्यासारखा तो वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की वासाची जाणीवच मारली जाते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे गॅस गेला.

म्हणून कार्ट्रिज बदलायची ती तारीख आणि वापराचे तास लिहून. उघडली त्या दिवशी मार्करने डब्यावर तारीख टाकायची आणि उत्पादकाने दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे काढून टाकायची. पाकिटावर छापलेली मुदत बंद पाकिटासाठी असते, उघडल्यावर ती लागू राहत नाही. हवेतला दमटपणासुद्धा कोळशातली जागा खातो, त्यामुळे कृष्णाकाठच्या पावसाळ्यात कार्ट्रिज उन्हाळ्याइतकी टिकेल असं धरू नये.

पेंटिंग बूथमध्ये एक दृश्य नेहमीचं आहे. बूथच्याच भिंतीला खिळा, आणि काम संपल्यावर मास्क त्या खिळ्याला. ट्रॉलीला किंवा ट्रकच्या बॉडीला मारलेला रंग रात्रभर वाळत असतो, थिनरची वाफ बूथभर फिरत असते, आणि कार्ट्रिज रात्रभर ती शोषत बसते. सकाळी पेंटर मास्क लावतो तेव्हा ती कोणी न वापरताच बरीचशी भरलेली असते. झिपची घट्ट पिशवी आणि बूथच्या बाहेरचं कपाट, एवढ्यावर हे थांबतं. रंगकामात कण आणि वाफ दोन्ही असतात, म्हणून तिथे कार्ट्रिजवर पुढून कणांसाठी प्रीफिल्टरची चकती बसवायची. नुसता एन-९५ लावणाऱ्या पेंटरला समाधान मिळतं, कारण मास्कवर रंग दिसतो आणि नाकात दिसत नाही. संध्याकाळी डोकं जड होतं ते उन्हामुळे नाही, वाफेमुळे. हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग असेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे. त्यातल्या आयसोसायनेटला धोक्याची सूचना देईल असा वास नसतो आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की दमा मागे लागतो. त्या कामाला बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मास्कच योग्य.

आता फाउंड्री. किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये. त्या काळापासून या भागाला ओतकामाची सवय आहे आणि आजही मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात ओतीव कामाचे कारखाने आहेत. शेकआउटला, म्हणजे साचा फोडून वस्तू बाहेर काढताना, आणि फेटलिंगला एन-९५ किंवा एफएफपी-२ हा किमान, एफएफपी-३ असेल तर उत्तम. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ खाली बसते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी सिलिकाची धूळ काही मायक्रॉनची असते, दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगते. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढू शकतो. म्हणून आधी धूळ ओढणारा एक्झॉस्ट, वाळू ओली करणं, आणि मग मास्क. मास्कवर सगळा भार टाकू नये. शिफ्ट सुटताना हवेच्या पाइपने कपडे झाडणं मात्र ताबडतोब बंद करावं. दिवसभर अडवलेली धूळ त्या अर्ध्या मिनिटात तोंडासमोर उडते आणि तेव्हा मास्क नेमका खिशात असतो.

त्याच फाउंड्रीत साच्यात लोखंड ओतलं की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. एन-९५ तो अडवत नाही, आणि बाजारात मिळणारी नेहमीची गॅस कार्ट्रिजही अडवत नाही. ओतकामानंतर डोकं दुखलं की भट्टीच्या उष्णतेला बोल लावला जातो. तिथे उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं आणि गॅस डिटेक्टर.

साखर कारखान्यात एकाच आवारात दोन्ही मास्क लागतात. बगॅस म्हणजे उसाचा चोथा; त्याच्या यार्डात जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या ढिगाची धूळ असते. तिच्यापासून बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो, तिथे धुळीचा मास्क. थोड्याच अंतरावर रस शुद्ध करायला गंधक जाळतात, तिथे सल्फर डायऑक्साइडची कार्ट्रिज. गळीत हंगामात माणसं इकडून तिकडे हलवली जातात आणि तोंडावरचा मास्क तोच राहतो. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर गंधकाची धुरी देतात, तिथे बहुतेकदा ओला रुमालच दिसतो. खोकला येऊन डोळ्यांतून पाणी येणाऱ्या माणसाला रुमाल किंवा एन-९५ देणं म्हणजे त्याला एकटं सोडणं आहे. त्याच बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो. किरकोळ देखभालीला अमोनियाची कार्ट्रिज, तीही शक्यतो डोळे झाकणाऱ्या पूर्ण चेहऱ्याच्या मास्कवर, कारण अमोनिया डोळ्यांनाही जाळतो. मोठी गळती झाली तर कार्ट्रिज लावून व्हॉल्व्ह बंद करायला धावायचं नाही. वाऱ्याला आडवं होऊन बाहेर पडायचं आणि पाठीवर हवेचा सिलिंडर असलेल्या प्रशिक्षित माणसांना बोलवायचं.

कार्ट्रिजच्या रंगाबाबतही सावध राहायला हवं, कारण आपल्याकडे युरोपीय आणि अमेरिकन दोन्ही पद्धतींचा माल मिळतो आणि त्यांचे रंग जुळत नाहीत. थिनरसारख्या सेंद्रिय वाफेसाठी युरोपीय पद्धतीत तपकिरी, अमेरिकन पद्धतीत काळा. पांढरा रंग तर फसवाच: युरोपीय पद्धतीत तो कणांचा फिल्टर, अमेरिकन पद्धतीत आम्लधर्मी वायूंचा. पिवळा युरोपात सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंसाठी, अमेरिकेत सेंद्रिय वाफ आणि आम्लधर्मी वायू दोन्हींसाठी. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनियाचा. तेव्हा पर्चेसने ऑर्डरमध्ये रंग लिहू नये, वायूचं नाव लिहावं आणि माल आल्यावर लेबल वाचून घ्यावं.

दाढी असेल तर दोन्ही मास्क कडेने गळतात. एन-९५ चे दोन पट्टे असतात, एक डोक्याच्या वर आणि एक मानेवर. दोन्ही मानेवर घेतले तर हनुवटीखाली फट राहते.

आणि एक जागा अशी आहे की जिथे या दोन मास्कमधून निवड करणंच चूक आहे: बंद टाकी, मळीची टाकी, सेप्टिक टँक, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) खड्डा, जुनी विहीर. हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती हवा श्वास घेण्यालायक धरत नाहीत. दोन्ही मास्क हवा फक्त साफ करतात, ऑक्सिजन तयार करत नाहीत. उत्तम कार्ट्रिज लावलेला माणूससुद्धा अशा टाकीत काही श्वासांत कोसळू शकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३६ मध्ये अशा जागांसाठी आधी हवा तपासून सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसन उपकरण आणि दोरीला बांधलेला पट्टा असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असलं पाहिजे.

कारखान्यातल्या सुरक्षा फलकांची गल्लतही हा फरक न कळल्यामुळेच होते. निळं वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं, पिवळा त्रिकोण म्हणजे इथे धोका आहे, लाल वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे हे करू नका. आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात मास्कची निळी चिन्हं दोन आहेत: एम-०१६ म्हणजे मास्क लावा आणि एम-०१७ म्हणजे श्वसन संरक्षण साधन वापरा. फ्लेक्स छापणाऱ्याला हा फरक माहीत असायचं कारण नाही, तो जे चित्र हाताशी येईल ते लावतो. मग अमोनियाच्या कंप्रेसर रूमवर साध्या मास्कचं चित्र झळकतं आणि नवीन कामगार एन-९५ लावून नियम पाळल्याच्या समाधानात आत जातो. फलक ऑर्डर करताना चिन्हाचा क्रमांक लिहून द्यावा. त्याच्या खाली ठळक अक्षरात वायूचं किंवा धुळीचं नाव आणि मास्कचा प्रकार असावा: "अमोनिया. हिरवी कार्ट्रिज, पूर्ण चेहऱ्याचा मास्क." किंवा "सिलिकाची धूळ. एफएफपी-२ किंवा वरचा." टाकीवर निळं वर्तुळ लावूच नये. तिथे लाल, प्रवेशबंदीचं, आणि खाली "परवानगीपत्राशिवाय उतरू नका. कोणी पडला तरी उतरू नका, हाक मारा" एवढं. फलक दाराच्या बाहेर, मास्क घालायला जागा असेल तिथे लावायचा, आतल्या भिंतीवर नाही. ठेकेदाराकडे उत्तरेकडची माणसं असतील तर तोच मजकूर मराठीखाली हिंदीतही हवा.