वी विल रॉक यू

'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांभोवती गुंफलेले संगीतनाटक. संहिता बेन एल्टन यांची. लंडनच्या डोमिनियन थिएटरात १४ मे २००२ रोजी ते सुरू झाले आणि ३१ मे २०१४ पर्यंत चालले. प्रयोग साडेचार हजारांच्या वर झाले. लोकांच्या तोंडी आधीच बसलेली गाणी घ्यायची आणि त्यांना कथानक जोडायचे, या प्रकाराला 'ज्यूकबॉक्स म्युझिकल' म्हणतात. 'ॲबा' या स्वीडिश बँडच्या गाण्यांवरचे 'मामा मिया!' (१९९९) याच जातीचे.

कथा भविष्यातली. पृथ्वीवर 'ग्लोबलसॉफ्ट' नावाच्या कंपनीचे राज्य आहे, वाद्यांवर बंदी आहे आणि सगळ्यांनी संगणकाने पाडलेले तेच ते संगीत ऐकायचे आहे. गॅलिलिओ नावाच्या पोराच्या डोक्यात मात्र कुठून तरी जुन्या गाण्यांच्या ओळी येत राहतात. तो आणि स्कारामूश ही मुलगी बंडखोर 'बोहेमियन' मंडळींना जाऊन मिळतात आणि दडवून ठेवलेली गिटार शोधून काढतात. खलनायिका किलर क्वीन. पात्रांची ही नावेही गाण्यांतूनच उचललेली आहेत. गोष्टीत दम नाही, असे म्हणत सुरुवातीला समीक्षकांनी नाटकाला झोडपले. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही, पण तिकीट काढणारा गोष्टीसाठी येतच नव्हता.

मराठी संगीत नाटकाची रीत याच्या उलटी. तिथे चाल आधीची असे, शब्द नवे. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल :' लिहून ओळखीच्या पदाचे पहिले शब्द दिलेले असत. वाचणारा त्यावरून पद मनात गुणगुणून बघे. इथे चालीसकट शब्दही ठरलेले, लेखकाच्या हाती राहतात फक्त दोन गाण्यांमधल्या जागा. तमाशाच्या कनातीत बसलेल्याला हे निम्मे ओळखीचे वाटेल: रंगबाजीत सिनेमाची चालती गाणी होतात आणि मग वग लागतो. मात्र वगाला त्या गाण्यांचे देणेघेणे नसते. इथे वगच त्या गाण्यांतून काढायचा असतो.

सातारा जिल्ह्याचा या नाटकाशी धागा आहे तो पाचगणीचा. 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१), मूळ नाव फारुख बलसारा, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात धाडले. 'फ्रेडी' हे नाव त्याला शाळेतच चिकटले. तिथे तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी चार सोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. ही पोरे शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत ती परदेशी गायकांची हिट गाणी. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यांवर कार्यक्रम उभा करण्याचा धंदा त्याने पाचगणीतच करून पाहिला होता. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये लंडनमध्ये 'क्वीन' उभा राहिला. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा फ्रेडीला जाऊन दहा वर्षे झाली होती. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी संगीताची बाजू पाहिली. डोमिनियनच्या दर्शनी भागावर फ्रेडीचा हात उंचावलेला भलामोठा पुतळा उभा होता.

ज्या गाण्यावरून नाटकाचे नाव पडले, ते १९७७ चे. त्याच्या ठेक्याला वाद्य लागत नाही: दोनदा पाय आपटायचे, एक टाळी, मग तेवढीच जागा मोकळी. साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात गॅदरिंगला बसलेली पोरेही हा ठेका धरू शकतील, नोटेशन न बघता.

नाटक संपले तरी लोक उठत नसत, कारण सगळ्यांत लाडके 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अजून शिल्लक असे. मग पडद्यावर अक्षरे उमटत: ते ऐकायचे आहे का? थिएटर ओरडून उठे, आणि गाणे सुरू होई. आपल्याकडे वन्स मोअर प्रेक्षक मागतात. इथे नाटकच आठवण करून देई.