सोरायसिस शिवल्याने होत नाही
कोपरावर, गुडघ्यावर लाल चट्टे आणि चंदेरी खपल्या दिसल्या की घरात टॉवेल वेगळा होतो, ताटवाटी वेगळी होते. सोरायसिस संसर्गजन्य असल्याचा हा समज साफ चुकीचा. त्यात पसरण्याजोगा जंतूच नसतो. प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी चार-पाच दिवसांतच वर येतात आणि थर साचतो. रक्तशुद्धीच्या काढ्याने तो हटत नाही.

खरं नुकसान होतं ते नायटा समजून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मिश्र मलमाने. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं: चट्टा फिका पडतो, मलम बंद केलं की पुन्हा उसळतो, वर त्वचा पातळ होते. स्टेरॉइड वाईट नाही (त्वचारोगतज्ज्ञही तेच देतात), पण किती आणि किती दिवस हे ठरलेलं हवं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. खपल्या नखाने काढू नका. खरवडलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. सकाळी सांधे आखडत असतील, बोटं सुजत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो.