दिवसाला एक गाडी, तासाला एक गाडी

अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या मनातलं परदेशी रेल्वेचं चित्र बहुतेकदा युरोपच्या सहलीत तयार झालेलं असतं. नकाशावर रूळ दिसतात, छोट्या गावाच्या नावापुढे स्थानकाची खूण दिसते आणि 'गाडीनेच जाऊ की' असं ठरतं. स्थानक दोन्हीकडे असतं हे खरं, पण तिथे थांबणारी गाडी वेगळ्या जातीची असते. अमेरिकेच्या खेड्यात मेल-एक्स्प्रेस थांबते, स्वित्झर्लंडच्या खेड्यात पॅसेंजर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा बराच घोटाळा टळतो.

मोंटाना राज्य घ्या. क्षेत्रफळ सुमारे ३.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठं, आणि वस्ती ११ लाखांच्या आसपास. एवढ्या राज्यात, अमेरिकेभर प्रवासी गाड्या चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकची एकच गाडी आहे, 'एम्पायर बिल्डर'. शिकागोहून निघून दोन रात्री काढून ती सिॲटल आणि पोर्टलंडला पोचते. जाणारी दिवसाला एक, येणारी एक. हॅव्हर, माल्टा, ग्लासगो, वुल्फ पॉइंट ही राज्याच्या उत्तरेकडची गावं तिच्यावर अवलंबून आहेत. चुकली तर पुढची उद्या. आणि एवढ्या लांबच्या गाडीला कुठेतरी रात्र होणारच. शेजारच्या नॉर्थ डकोटातलं सर्वांत मोठं शहर फार्गो, पण तिथे दोन्ही दिशांच्या गाड्या वेळापत्रकातच मध्यरात्रीनंतर आहेत.

डब्यातलं एक दृश्य मला फार आवडतं. तुमच्या डोक्यावरच्या रॅकखाली कागदाची एक पट्टी खोचलेली असते, तिच्यावर हाताने तीन अक्षरं लिहिलेली: एच-ए-व्ही, हॅव्हर. त्या पट्टीवरून कर्मचाऱ्याला कळतं, कोणाला कुठे उतरवायचं. स्थानक आलं की तो दाराबाहेर पिवळं पायरीचं स्टूल ठेवतो. अनेक ठिकाणी स्थानकावर रेल्वेचा दुसरा माणूसच नसतो.

आता स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, एंगाडिन खोऱ्यातलं गुआर्डा. गावात दोनशे माणसंही नाहीत. स्थानक खाली दरीत, गाव वर डोंगराच्या कुशीत. रेशियन रेल्वेची मीटरगेज गाडी दर तासाला येते. फलाटावरचं बटण दाबलं तरच थांबते. आत बसलेल्यानेही उतरायचं तर बटण दाबायचं. बाहेर पोस्टखात्याची पिवळी छोटी बस गावात नेते. बसचं वेळापत्रक गाडीच्या वेळेला बांधलेलं असतं.

या व्यवस्थेचा जीव वेगात नाही, पुनरावृत्तीत आहे. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठराविक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लागू केलं. समजा, गाडी ९.१२ ची असेल तर पुढची १०.१२, मग ११.१२. मोठ्या जंक्शनांवर चहूकडच्या गाड्या जवळपास एकाच वेळी येतात, माणसं बदलतात आणि गाड्या पुन्हा पांगतात. १९८७ मध्ये मतदारांनी पुढचा टप्पा मंजूर केला. २००४ मध्ये बर्न-झुरिक प्रवास तासाच्या आत आणला, तोही याच हिशोबाने: दोन्ही टोकांना पुढची गाडी मिळावी.

अमेरिकेत असं का होत नाही? 'तिकडे रेल्वेच नाही' हे उत्तर चुकीचं आहे. मालवाहतुकीत अमेरिकन रेल्वे युरोपच्या फार पुढे आहे आणि अडचणीचं मूळही तिथेच आहे. रूळ मालगाड्यांच्या खासगी कंपन्यांचे आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेली अ‍ॅमट्रॅक ईशान्य किनारपट्टी सोडली तर बहुतेक ठिकाणी भाडेकरू आहे. प्रवासी गाडीला प्राधान्य द्यावं असा कायदा आहे, पण कोकण रेल्वेवर क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. एकेरी मार्गावर तीन किलोमीटर लांबीची मालगाडी सायडिंगमध्ये, म्हणजे थांबण्यासाठीच्या बाजूच्या रुळावर, अनेकदा मावतच नाही. मग बाजूला थांबायचं कोणी? जी मावते तिने, म्हणजे प्रवासी गाडीने.

दुसरं कारण पैशाचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २००८ च्या कायद्यानुसार सुमारे १,२०० किलोमीटरपेक्षा (७५० मैल) लहान मार्गांचा खर्च मुख्यतः राज्यांनी उचलायचा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या केंद्राच्या पैशावर चालतात. म्हणून कमी वस्तीच्या राज्यात लांबची गाडी टिकते, जवळची जन्मालाच येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये गावच्या गाडीची तूट केंद्र आणि कॅन्टन (तिथली राज्यं) आधीच ठरवून वाटून घेतात.

सगळा युरोप मात्र गुआर्डासारखा नाही. ब्रिटनमध्ये १९६३ च्या एका अहवालाने २,३६३ स्थानकं आणि हजारो किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली, आणि त्यातला मोठा भाग खरंच बंद झाला.

तरीही मोंटानातली ती एकुलती एक गाडी मला कमी मोलाची वाटत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ती आठवड्यातून तीन दिवसांवर आणली गेली, २०२१ मध्ये पुन्हा रोजची झाली. दक्षिण मोंटानाची गाडी १९७९ मध्ये बंद पडली ती आजवर सुरू झालेली नाही. बिलिंग्स हे राज्यातलं सर्वांत मोठं शहर, तिथून मालगाड्या जातात, प्रवासी गाडी नाही. २०२० मध्ये तिकडच्या काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, एकत्र येऊन रेल्वे प्राधिकरण स्थापन केलं. तासातासाच्या गाडीची गोष्ट तिथे कोणी काढत नाही. त्यांना शिकागो-सिॲटलची ती जुनी लांबची गाडी परत हवी आहे.