छतावरची स्लेट म्हणजे चिखलाचे थर नव्हेत

वेल्समधल्या दिनोर्विक खाणीचा स्लेट हा छपरावर घालायचा दगड पापुद्र्यांत फुटतो, म्हणून ते समुद्रतळाशी साचलेल्या चिखलाचे थर, असा समज जुना आहे. तो चुकीचा. मूळ द्रव्य चिखलच. पण भूकवचाच्या प्रचंड दाबाखाली त्यातली अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाला काटकोनात रचली गेली. दगड फुटतो तो या रचनेतून. जुने थर तिला बहुधा तिरके छेदतात. जांभळ्या स्लेटवरचे हिरवे ठिपके पाहा: मुळात गोल, आता दाबलेले, लंबगोल.

कारागीर रुंद, पातळ छिन्नी कडेच्या बरोबर मध्यावर धरून ठोकतो. दर वेळी दोन सारखे भाग. मध्य चुकला की फूट पातळ बाजूकडे वळते, दगडाचा पातळ तुकडा तुटतो. वाळलेला दगड नीट फुटत नाही, म्हणून तो ओलाच ठेवायचा.