झूम बदलला की प्रक्षेपणही बदलावे

वेबवरचा बहुतेक कुठलाही जगाचा नकाशा घ्या, ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. यावरून वेब मर्केटर या प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची, भरपूर टिंगल होते. माझ्या मते ती अर्धीच रास्त आहे.

गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या १८२७ च्या प्रमेयातून निघते. म्हणजे आकार, क्षेत्रफळ, अंतर यांतले काहीतरी सोडावेच लागते. या प्रक्षेपणाचा मूळ कर्ता, नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये क्षेत्रफळावर पाणी सोडले आणि कोन जपले, कारण खलाशांना होकायंत्राची एकच दिशा धरून जायचे असे आणि तो मार्ग त्यांना नकाशावर सरळ रेषेत हवा होता.

वेब नकाशांना खलाशांशी देणेघेणे नाही, पण चौकांशी आहे. गूगल मॅप्सच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत मर्केटर नव्हते. तेव्हा स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांत काटकोनात मिळणारे रस्ते नकाशावर तिरके दिसत. मर्केटर आले आणि काटकोन परत काटकोन झाले. ६० अक्षांशावर हे प्रक्षेपण लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट करते, हे खरे. पण तिथे वीस किलोमीटर उत्तरेला सरकले तरी प्रमाण जेमतेम अर्ध्या टक्क्याने बदलते. शहर पाहणाऱ्याला ते जाणवणारही नाही.

दुसरा फायदा निव्वळ सोयीचा. ८५.०५ अक्षांशाच्या पलीकडचे जग कापून टाकले की नकाशा अचूक चौरस होतो. तो २५६ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यात, बसतो आणि दर झूमला प्रत्येक टाइलच्या चार होतात. अठराव्या झूमपर्यंत ही संख्या सुमारे ६,८७२ कोटींवर जाते, तरी हवी ती टाइल साध्या गणिताने सापडते. ध्रुव मात्र गेले ते गेलेच. आर्क्टिकमधला बर्फ दाखवायचा असेल तर ध्रुव केंद्रस्थानी ठेवणारे प्रक्षेपण घ्यावे, दुसरा इलाज नाही.

खरी गफलत होते ती क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकडेवारीनुसार प्रदेश रंगवलेल्या नकाशात. देशोदेशींची लोकसंख्येची घनता रंगांत दाखवली की डोळा रंगाबरोबर रंगलेला भागही मोजतो, आणि रशिया व कॅनडा सगळे लक्ष खाऊन टाकतात. इथे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण जपणारे, प्रक्षेपणच हवे. २०१८ मध्ये आलेले ‘इक्वल अर्थ’ याच कामाचे आहे आणि दिसायलाही बरे आहे. एकाच खंडापुरता नकाशा असेल, तर त्या खंडावर केंद्र धरलेले लँबर्टचे समक्षेत्र प्रक्षेपण त्याहून चांगले.

पूर्वी टाइल म्हणजे तयार चित्र असे, त्यामुळे प्रक्षेपण आधीच ठरून जाई. आता व्हेक्टर टाइलमध्ये चित्राऐवजी बिंदू-रेषा येतात आणि चित्र ब्राउझरमध्ये काढले जाते. म्हणून दूरवरून गोल किंवा समक्षेत्र आणि जवळ गेल्यावर मर्केटर, असे करणे शक्य झाले आहे. २०१८ मध्ये गूगल मॅप्सनेही संगणकावर झूम आउट केल्यावर पृथ्वीचा गोल दाखवायला सुरुवात केली.

प्रक्षेपण कुठलेही निवडा, पडद्यावरच्या पिक्सेलवरून अंतर मात्र मोजू नका. मर्केटरवर कंपासने काढल्यासारखे हजार किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ हमखास चुकते. अक्षांश-रेखांशांवरून गोलावर हिशेब करून ते काढले, तर विषुववृत्तापासून दूर ते ध्रुवाच्या बाजूला फुगलेले दिसते, आणि ते तसेच दिसायला हवे.