रात्री लाईट गेल्यावर झोपलेल्या संगणकाचे काय होते?

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी एखादे सेवा केंद्र किंवा शिकवणी वर्ग संध्याकाळी बंद होताना संगणकाची व्यवस्था सहसा दोन प्रकारे लावली जाते. पहाटे बॅकअप घ्यायचा असेल किंवा मोठी फाइल उतरवायची असेल, तर तो रात्रभर चालूच ठेवला जातो. नसेल, तर थेट भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद केले जाते. संगणकाला झोपवून नेमक्या वेळी आपोआप उठवण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी वापराविना पडून असते.

स्लीप या अवस्थेत प्रोसेसर, डिस्क, पंखे आणि पडदा यांचा पुरवठा तोडला जातो, पण रॅमचा, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीचा, तोडला जात नाही. रॅममधील प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो, त्यामुळे साधारण दर 64 मिलिसेकंदांत संपूर्ण स्मृती एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. झोपलेल्या संगणकाची काही वीज या कामावर खर्च होते. रिकामा चालू असलेला डेस्कटॉप 50 वॅट घेतो असे धरले, तर दहा तासांच्या रात्रीत अर्धे युनिट जाते. झोपेत तो तीन वॅट घेत असेल, तर महिनाभराच्या रात्री मिळून एका युनिटच्याही आत भागते.

अडचण लाईट गेल्यावर सुरू होते. पुरवठा तुटताच रॅम रिकामी होते आणि उघड्या ठेवलेल्या, न जतन केलेल्या सगळ्या फाइली नाहीशा होतात. लॅपटॉपला त्याची बॅटरी वाचवते, पण इन्व्हर्टरला न जोडलेल्या डेस्कटॉपला कोणीच वाचवत नाही. यावरचा उपाय म्हणजे हायबरनेट, ज्यात रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून मगच यंत्र बंद होते. उठायला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु रात्रभर वीज नसली तरी काही बिघडत नाही. विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप नावाचा तिसरा पर्यायही आहे. त्यात प्रत डिस्कवर जाते आणि रॅमही जिवंत राहते. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा विचार केला, तर डेस्कटॉपसाठी साधी स्लीप निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उठवण्याविषयी. 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला स्वतःचे घड्याळ नव्हते, त्यामुळे तो दर वेळी सुरू होताना वापरणाऱ्यालाच तारीख आणि वेळ विचारीत असे. 1984 च्या पीसी एटी या यंत्रात मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप आली आणि आजच्या मदरबोर्डावरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट पाटीवरील, घड्याळ तिचेच वारस आहे. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक त्याला चाल देतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात असल्याने ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद मिळतो. त्या मूळ चिपमध्येच गजराची नोंद ठेवण्याची जागा होती, पण फक्त तास, मिनिट आणि सेकंद यांच्यापुरती. म्हणून आठवडाभराची कामे लावली असली तरी ऑपरेटिंग सिस्टिम ती यादी स्वतःकडे ठेवते आणि झोपण्यापूर्वी सर्वांत जवळची वेळ तेवढी घड्याळात लिहिते.

वेळ जुळली की घड्याळ मदरबोर्डाला संकेत देते आणि मदरबोर्ड पॉवर सप्लायला सुरू होण्याची आज्ञा करतो. ही आज्ञा देण्यासाठी मदरबोर्डाला पाच व्होल्टचा एक क्षीण पुरवठा सतत मिळावा लागतो, आणि 1995 मध्ये आलेल्या एटीएक्स या मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायच्या रचनेने तो उपलब्ध करून दिला. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद केले, तर हाच पुरवठा तुटतो. मदरबोर्डावरील तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल घड्याळ चालू ठेवतो, पण संगणक उठवण्याइतके बळ त्याच्यात नसते. गजराची वेळ येते आणि निघून जाते. शिवाय रोज बटण बंद ठेवल्याने तो सेल लवकर संपतो, मग सकाळी संगणक भलतीच जुनी तारीख दाखवतो आणि तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळेही उघडेनाशी होतात.

विंडोजमध्ये टास्क शेड्युलर उघडून कामाच्या अटींमध्ये संगणकाला जागे करण्याची खूण करावी लागते आणि पॉवरच्या प्रगत मांडणीत वेक टायमरना, म्हणजे संगणक उठवणाऱ्या गजरांना, परवानगी द्यावी लागते. यांपैकी दुसरी पायरी हमखास राहून जाते. लिनक्समध्ये आरटीसीवेक ही एकच आज्ञा झोपवणे आणि उठवणे दोन्ही करते. संगणक पूर्ण शटडाऊन केलेला असेल, तर विंडोजचे टायमर उपयोगी पडत नाहीत. तेव्हा बायोसमधील, म्हणजे मदरबोर्डावरच्या मूळ प्रणालीतील, गजर लावावा.

बायोसमध्ये गजर लावताना साडेपाच तासांचा घोळ होऊ शकतो. विंडोज मदरबोर्डावरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ ठेवते. म्हणून लिनक्सच्या यंत्रावर बायोसमध्ये पहाटेचे 5 लिहिले, तर ते सकाळी साडेदहाला उठेल. खरोखर पहाटे पाचला उठवायचे असेल, तर 23:30 लिहावे लागते.

आपल्या उन्हाळ्याचाही घड्याळावर थोडा परिणाम होतो. हे स्फटिक 25 अंश सेल्सिअसला अचूक चालतात आणि त्यापासून तापमान कोणत्याही बाजूला ढळले की मंदावतात. बंद खोलीत मे महिन्यात स्फटिक 45 अंशांवर गेला, तर घड्याळ दिवसाला एखादा सेकंद मागे पडते. इंटरनेटवरून वेळ जुळत असल्याने याची चिंता करण्याचे कारण नाही.

चिंता करावी ती वेगळ्याच गोष्टीची. रात्री दोनला लाईट जाऊन चारला आली, तर पाचचा गजर टिकतो की नाही, हे मदरबोर्ड आणि बायोसमधील वीज परतल्यानंतरच्या वर्तनाची निवड यांवर ठरते. ती निवड ‘चालू करा’ अशी असेल, तर संगणक चारलाच उठून बसेल. म्हणून दहा मिनिटांनंतरचा गजर लावावा, यंत्र हायबरनेट करावे, दोन मिनिटे बोर्डाचे बटण बंद ठेवून पुन्हा चालू करावे आणि ते वेळेवर उठते का, हे समोर बसून पाहावे.