सेक्रेटरी बदलतो, सोसायटी तीच राहते: विकेंद्रित ओळखीच्या आराखड्याची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या गृहनिर्माण सोसायटीची समिती पाच वर्षांनी बदलते. दप्तर, शिक्का, चेकबुक, बँकेतल्या नमुना सह्या या सगळ्याचे हस्तांतर ठरलेल्या रीतीने होते. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीची किल्ली आत ठेवणारे पेनड्राइव्हसारखे उपकरण, मात्र जुन्या सेक्रेटरीच्या नावाचे असते. ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही आणि देऊही नये. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथे निविदा भरणाऱ्या छोट्या कारखानदाराचे टोकन अनेकदा सल्लागाराच्या खणात पडलेले असते, पिनची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली. विकेंद्रित ओळख, म्हणजे एकाच वरच्या अधिकाऱ्यावर न विसंबणारी डिजिटल ओळख, म्हटले की चर्चा ब्लॉकचेनपासून सुरू होते. ती या खणापासून सुरू व्हायला हवी. नाव संस्थेचे, किल्ली माणसाची. ही गाठ बांधायची कुणी, आणि सोडवायची कुणी?

सार्वजनिक किल्लीची कल्पना 1976 मध्ये जाहीर झाली: किल्ल्यांची जोडी, एक खासगी, स्वतःजवळ गुप्त ठेवायची, दुसरी सार्वजनिक, सगळ्यांना द्यायची. 1988 च्या एक्स.509 या डिजिटल प्रमाणपत्रांच्या मानकाने गाठ बांधण्याचे काम वरच्या अधिकाऱ्याकडे दिले, तर 1991 मध्ये आलेल्या पीजीपी या कूटलेखनाच्या (मजकूर गुप्त करण्याच्या) सॉफ्टवेअरने ते आपसातल्या ओळखीवर सोपवले: मी याला ओळखतो, तू मला ओळखतोस. भारताने पहिली वाट धरली. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला आणि सरकारी नियंत्रक, त्याखाली किल्ली कुणाची याचे प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक प्रमाणन संस्था, त्याखाली अर्जदार अशी उतरंड उभी राहिली. 1 जानेवारी 2021 पासून वर्ग 2 ची प्रमाणपत्रे बंद होऊन वर्ग 3 राहिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे.

या व्यवस्थेने एक गोष्ट चांगली केली: सहीची खासगी किल्ली टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. अडचणही त्यातूनच येते. ठरावीक वेळा चुकीचा पिन टाकला की टोकन लॉक होते. घाईत कुणी ते ‘इनिशियलाइज’ केले, तर आतले सगळे पुसले जाते. सहीची किल्ली गेली तर नवे प्रमाणपत्र काढता येते, जुन्या सह्या शाबूत राहतात. कूटलेखनाची किल्ली प्रत न ठेवता गेली, तर तिने बंद केलेला मजकूर कायमचा गेला. म्हणून सरकारी ई-निविदा प्रणालीत निविदा उघडायला एकच अधिकारी नेमत नाहीत. चारजण नेमून त्यांपैकी कोणतेही दोन पुरेसे, अशी सोय ठेवतात. विकेंद्रित रचनेतली ‘चारपैकी दोन’ची कल्पना आपल्याकडच्या कचेऱ्यांत अशी आधीपासून रुळलेली आहे.

2015 मध्ये ई-साइन, म्हणजे टोकनविना ऑनलाइन सही, आले. त्यात एका सहीपुरती किल्ली सुरक्षित यंत्रात तयार होते, वापरली जाते आणि नष्ट होते. प्रमाणपत्राचे आयुष्य 30 मिनिटे. टोकन हरवण्याची भीती संपली, पण किल्ली क्षणभरही सही करणाऱ्याच्या हाती राहिली नाही.

वरून खाली येणारा विश्वास कुठे तुटतो, हे 2011 मध्ये जगाने पाहिले. नेदरलँड्समधल्या एका प्रमाणन संस्थेत घुसखोरी होऊन पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि संस्था दिवाळखोरीत गेली. जुलै 2014 मध्ये भारतातल्याही एका सरकारी प्रमाणन यंत्रणेतून परक्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. 2013 पासून आकार घेत असलेल्या सार्वजनिक नोंदवह्यांचे महत्त्व तेव्हा नीट कळले: प्रमाणपत्र निघाले की सगळ्यांना दिसेल अशी, फक्त वाढत जाणारी वही. पण नुसती वाढणारी वही पुरत नाही. 2019 मध्ये पीजीपीच्या किल्ल्या ठेवणाऱ्या सर्व्हरवर काही जणांच्या किल्ल्यांना दीड लाखाच्या आसपास निरर्थक सह्या चिकटवल्या गेल्या. त्या किल्ल्या उतरवून घेणारी सॉफ्टवेअर अडकू लागली. कुणीही कुणाच्याही पानावर लिहू शके आणि लिहिलेले पुसता येत नसे, हे कारण. वही धन्याचीच हवी. इतरांनी फक्त साक्ष द्यावी.

इथे शब्दांचा घोळ सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘सार्वजनिक किल्ली’ सहीच्या कामात किल्ली नसतेच. ती बँकेच्या कार्डावरची नमुना सही असते. कूटलेखनात ती कुलूप असते, कुणालाही लावता येणारे. आणि ‘ओळख’ हा शब्द तर तीन अर्थ वाहतो: मी कोण, माझा क्रमांक काय, मला कोण ओळखतो. 2022 च्या जागतिक मानकात विकेंद्रित झाला तो फक्त क्रमांक, म्हणजे ‘डीआयडी’. ‘ही सोसायटी नोंदणीकृत आहे’ हे सांगणारा दाखला वेगळा, आणि तो निबंधक कार्यालयानेच सही करून द्यायचा. हा भेद पुसला की ‘सरकारविना ओळख’ अशा घोषणा होतात आणि चांगली रचना नाहक बदनाम होते.

क्रमांक कशापासून बनवायचा, यावर खरा वाद आहे. थेट सार्वजनिक किल्लीपासून बनवला तर कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. पण किल्ली बदलली की क्रमांकही बदलतो, म्हणजे दर नव्या समितीला सोसायटीचे बारसे. डोमेनवर बांधला तर किल्ल्या बदलता येतात, पण नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहिले आणि डोमेन दुसऱ्याने घेतले की ओळखही त्याचीच. आमच्या मते तिसरा मार्ग धरावा. सोसायटीच्या वहीतल्या पहिल्या नोंदीपासून क्रमांक काढायचा, आणि त्या नोंदीत चालू किल्ल्यांसोबत पुढच्या किल्ल्यांचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ किल्ली काढता येत नाही असा ठसा, लिहून ठेवायचा. चालू किल्ली चोरीला गेली तरी चोराला ती बदलता येत नाही, कारण हॅशशी जुळणारी पुढची किल्ली त्याच्याकडे नसते. दोन्ही किल्ल्या एकाच कपाटात ठेवल्या तर हा सगळा खटाटोप वाया. पुढची किल्ली हरवली, तर ओळख चालू किल्लीवरच गोठते. म्हणून अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार या तिघांच्या पुढच्या किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी, आणि बदलाला तिघांपैकी दोघांच्या सह्या.

वहीतल्या नोंदींना साक्ष देणाऱ्या साक्षीदारांचा हिशेब असाच नेमका हवा. पाचपैकी तिघांची साक्ष पुरेशी धरली, तर दोन परस्परविरोधी नोंदींना एकच साक्षीदार समाईक राहू शकतो, आणि तोच फितूर निघाला तर दोन्ही नोंदी खपतात. चारपैकी तीन ठेवले की किमान दोघे समाईक राहतात. एक बिघडला तरी दुसरा अडवतो.

2022 मध्ये डीआयडीचे मानक मंजूर होताना काही मोठ्या ब्राउझर कंपन्यांनी हरकती घेतल्या: क्रमांक बनवण्या-वाचण्याच्या शंभराहून अधिक पद्धती नोंदलेल्या, त्यांतली एकही मानकात सक्तीची नाही, आणि काही पद्धती वीजखाऊ ब्लॉकचेनवर उभ्या. हरकती फेटाळून 19 जुलैला मानक जाहीर झाले. पुढच्या गटाने पद्धतींकडे वळावे असे मात्र सुचवले गेले. फेटाळणे योग्य होते असे आम्हाला वाटते, पण पहिली हरकत रास्त होती. बँकेने एक पद्धत वाचली आणि निबंधकाने दुसरी, तर सोसायटीला दोन क्रमांक सांभाळावे लागतील.

जुन्या समितीने दिलेल्या एनओसीचा प्रश्न उरतो. ती तपासताना आजची किल्ली लावली तर सही खोटी ठरते. प्रत्येक सहीसोबत ती वहीच्या कितव्या नोंदीच्या वेळी झाली तो आकडा आणि त्रयस्थाचा वेळशिक्का जोडायला हवा. वेळशिक्का नसेल, तर चोरलेल्या जुन्या किल्लीने मागची तारीख टाकून केलेली एनओसी आणि खरी एनओसी यांत फरक करता येत नाही.